लातुरात बसून मागवलेले इंपोर्टेड टायर, अंगणातच चढवले: जुन्या हिमालयनवर मेटझेलर टूरन्स

माझ्याकडं रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन बाइक आहे, 411 वाली. पुढं 21 इंची, मागं 17 इंची चाक, दोन्ही स्पोकची आणि दोन्हीत ट्यूब. टायर बदलायची वेळ आली तेव्हा लातुरात औसा रोड, बार्शी रोड, नांदेड रोड सगळीकडं विचारून झालं. मागचा 120/90-17 दाखवतेत, पण पुढचा 90/90-21 म्हटलं की एकतर "मागवून देतो, आठ दिवस लागतील" नाहीतर मोठ्या ठोकळ्यांचा निव्वळ ऑफरोडचा टायर पुढं ठेवतेत. मला तसला नको होता. माझं फिरणं जास्त करून डांबर आणि काँक्रीटवर, लातूर-नांदेड, लातूर-तुळजापूर, नाहीतर बीडवरून संभाजीनगर, आणि शेवटचा थोडा रस्ता शेताकडचा, मुरूम टाकलेला. म्हणजे डांबराचा टायर पाहिजे पण कच्च्यात पाय न सोडणारा. त्यातून मेटझेलर टूरन्सवर मन बसलं.

कंपनी मूळ जर्मनीची, 1863 ची, म्युनिकमध्ये सुरू झालेली, 1986 पासून पिरेलीकडं आहे, आणि लोगोत हत्ती आहे. बरेच जण विचारतेत की आपल्या वाळूजला गुडइयरचा कारखाना, बीकेटीचा कारखाना, एवढे टायर मराठवाड्यात बनायलेत अन तू बाहेरचे कशाला मागवतोस. बरोबर आहे, पण गुडइयरचे तिथं कारचे बनतेत अन बीकेटी म्हणजे ट्रॅक्टरचे नाहीतर मोठ्या मशिनींचे, ते आपल्या कामाचे नाहीत. 21 इंची पुढच्या चाकाला रस्त्यासाठीचा टायर म्हटलं की आपल्याकडं निवड लई थोडी राहते, एवढंच कारण आहे, बाकी देशी टायरला नावं ठेवायची नाहीत मला.

आता पहिली गोष्ट जी मला सगळ्यांना सांगायचीय. परदेशातल्या वेबसाइटवरून डायरेक्ट ऑर्डर टाकायचा विचार असंल तर आधी थांबा. जून 2020 मध्ये डीजीएफटीनं, म्हणजे आयात-निर्यात बघणाऱ्या केंद्राच्या खात्यानं, नवीन टायरची आयात रिस्ट्रिक्टेड यादीत टाकली, त्यात मोटरसायकलचे टायर पण आहेत, म्हणजे परवाना असल्याशिवाय आणता येत नाही. वरून टायरवर आयएसआय मार्क लागतोय, दुचाकी-तीनचाकीसाठी आयएस 15627 आहे. त्यामुळं किंमत डॉलरमध्ये बघून स्वस्त वाटतंय, ते पार्सल कस्टमला अडकलं की टायर पण गेला अन हेलपाटे वेगळे. कुणाचा दाजी दुबईला असतोय, कुणाचा मित्र जर्मनीला, "येताना एक घेऊन ये की" म्हणायचा मोह होतोय, पण त्या माणसाला विमानतळावर कशाला अडचणीत आणायचं. सरळ मार्ग म्हणजे ज्या डीलरनं रीतसर आणलेत, आयएसआय मार्क आहे, जीएसटीचं बिल देतोय, त्याच्याकडून घ्यायचं. मी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवले. नाव लिहीत नाही, कारण त्याच्याशी माझं आधी वाजलं अन नंतर मिटलं, ते पुढं सांगतो.

परवान्याच्या या भानगडीमुळं काय होतंय, एखाद्या साइजचा माल एकदा आला की पुढचा कधी येईल त्याचा भरवसा नसतो, मग आहे तो माल गोडाऊनमध्ये वर्षानुवर्षं पडून राहतोय अन "इंपोर्टेड" म्हणून नव्याच्या भावात विकला जातोय. म्हणून इंपोर्टेड टायर घेताना कंपनी कुठली हे दोन नंबरला, पहिले त्याचं वय बघा. टायरच्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतंय, त्याच्या शेवटी चार आकडे. समजा 2319 असं आहे, तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. हे चार आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतेत, दुकानदार दुसरी बाजू दाखवतोय, तर दोन्ही बाजू बघायच्या. गोलात मोठा इ आणि एक आकडा असतोय, 1 म्हणजे जर्मनी, 3 म्हणजे इटली, 4 म्हणजे नेदरलँड, पण तो मंजुरी कुठं मिळाली त्याचा आकडा आहे, बनला कुठं त्याचा नाही, यात लोक गल्लत करतेत. बनला कुठं ते वेगळं शब्दात लिहिलेलं असतंय. आणि साइजच्या पुढं 54 किंवा 64 असा आकडा असतोय तो वजनाचा, 54 म्हणजे 212 किलो, 64 म्हणजे 280 किलो, त्याला चिकटून अक्षर असतंय ते वेगाचं, एस म्हणजे ताशी 180 किलोमीटर, टी 190, एच 210. डबल सीट अन मागं सामान घेऊन फिरणाऱ्यानं वेगाच्या अक्षरापेक्षा हा वजनाचा आकडा नीट बघावा.

तर माझं वाजलं ते याच्यावरूनच. बोलणं झालं तेव्हा विक्रेत्यानं "एकदम फ्रेश माल आहे" म्हणून सांगितलं, पार्सल आलं तर पुढचा ठीक, मागचा चार वर्षं जुना. चार वर्षं जुना टायर म्हणजे लगेच फुटतोय असं नाही, सावलीत, थंड जागेत नीट ठेवला तर चालतोय पण, पण आपण नव्याचे पैसे मोजलेत अन आपल्याकडं उन्हाळा कसला आहे ते सांगायला नको, पत्र्याच्या गोडाऊनमध्ये ठेवलेलं रबर आधीच अर्धं म्हातारं होतंय. मी चढवायच्या आधी फोटो काढले, आकडे दिसतील असे, बिलाचा फोटो जोडला, अन फोन केला. पहिल्या दिवशी टोलवाटोलवी झाली, "सर चार वर्षं काहीच नसतंय, कंपनी पाच वर्षं वॉरंटी देती" वगैरे. मी आवाज चढवला नाही, एवढंच म्हटलं की तुम्ही लिहून फ्रेश म्हटलंय, व्हॉट्सॅपवर आहे, बदलून द्या नाहीतर पैसे परत करा. दिला बदलून, ट्रान्सपोर्टचं भाडं मात्र जाण्याचं माझ्या माथी आलं. सेवेला दहापैकी सहा देईन, ते पण बदलून दिला म्हणून. तुम्ही पैसे टाकायच्या आधी त्या चार आकड्यांचा व्हिडिओ मागा, तुम्हाला येणारा तोच टायर दाखवायला सांगा, कुठल्यातरी टायरचा जुना फोटो नको. अन बिलावर जीएसटीचा दर बघा, सप्टेंबर 2025 पासून टायरवर 28 चा 18 टक्के झालाय, जुन्या हिशोबानं कुणी लावत असंल तर विचारा.

पॅकिंगबद्दल पण सांगतो. टायर प्लॅस्टिकच्या दोरीनं आवळून बांधून पाठवतेत, त्यात पुढचा अरुंद 21 इंची टायर चेपून पार लांबुळका झाला होता, दोन्ही कडा, म्हणजे रिमवर बसतेत त्या, एकमेकींना चिकटलेल्या. घाबरायचं नाही. आत दोन लाकडी ठोकळे आडवे घालून कडा फाकवून एक दिवस उन्हात ठेवला, सरळ आला. तसं पण चढवायच्या आधी टायर उन्हात तापवायचाच असतोय, रबर मऊ पडतंय, कड वळती. युरोपातले लोक त्यासाठी हीटर वापरतेत म्हणे, आपल्याकडं एप्रिलमध्ये फरशीवर दोन तास ठेवला की हात लावू देत नाही.

आता चढवायचं. घरी का, तर मला रिम ओरबाडलेली चालत नाही. इथं बरेच ठिकाणी लांब लोखंडी टॉमी घालून, वर पाय देऊन टायर काढतेत, काम फास्ट होतंय पण स्पोकच्या रिमवर चरे पडतेत अन ट्यूब चिमटली तर ते तुम्हाला चार दिवसांनी रस्त्यात कळतंय. दुसरं म्हणजे माझ्या बाइकच्या मागच्या चाकाचे स्पेसर, चेनचे अॅडजस्टर, एबीएसचा सेन्सर हे सगळं स्वतःच्या हातानं काढलं-बसवलं की पुढं कुठं मांजरसुंब्याच्या घाटात पंक्चर झाली तर भीती राहत नाही. हे शिकलो मात्र बार्शी रोडच्या एका पंक्चरवाल्या चाचाकडून, त्यांच्याकडं बसून बघितलं, विचारलं, मग घरी केलं.

सामान लई लागत नाही. तीन टायर लिव्हर, आखूड अन टोकाला गोल असलेले, सुताराकडं असतोय तसला एक मोठा सी-क्लॅम्प, साबणाचं पाणी, टाल्कम पावडर, पायपंप, प्रेशर गेज. रिमला चरे पडू नयेत म्हणून रिकाम्या ऑइलच्या कॅनचे पट्टे कापून लिव्हरखाली घालायचे, विकतचे रिम प्रोटेक्टर घ्यायची गरज नाही. चाक जमिनीवर आडवं टाकताना डिस्क खाली येऊ द्यायची नाही, जुन्या टायरवर नाहीतर दोन लाकडी फळ्यांवर ठेवायचं. अन चाक काढलेलं असताना ब्रेक कुणी दाबू नये, घरात लेकरं असली तर आधीच सांगून ठेवा, पॅड आत येतेत मग डिस्क बसत नाही. मी दोन पॅडच्या मधी पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवतो.

जुना टायर रिमवरून सुटणं हेच अर्धं काम आहे. हवा पूर्ण सोडायची, व्हॉल्व्हची पिन काढून घ्यायची, मग कडेला सी-क्लॅम्प लावून हळूहळू आवळायचा, कटकन आवाज येतोय अन कड खाली बसती. गोल फिरत दोन्ही बाजूंनी तेच. क्लॅम्प नसंल तर दुसऱ्या बाइकचं साइड स्टँड कडेवर टेकवून बाइकचं वजन द्यायचं, ते पण चालतंय, पण दोन माणसं लागतेत.

खरी मेख पुढं आहे. रिमच्या मधोमध गोल खोलगट भाग असतोय. टायरची कड आत तारेची असल्यामुळं ताणून मोठी होत नाही, ती एका बाजूनं रिमवरून काढायची असंल तर समोरच्या बाजूची कड त्या खोलगट भागात उतरलेली पाहिजे, तेव्हाच इकडं ढील मिळती. चाचांनी मला हे एका वाक्यात सांगितलं, "बेटा, ताकद लावू नको, समोरची कड खड्ड्यात उतरव, ही आपोआप येती." अन त्यांनी दाखवलं, गुडघा टायरच्या समोरच्या बाजूवर, उजव्या हातात लिव्हर, अन लिव्हरचा घास केवढा तर दोन बोटांएवढा. मोठा घास घेतला की लिव्हर अडकतोय, मग माणूस जोर लावतोय, मग रिम वाकती नाहीतर कड फाटती. जोर लागायला लागला म्हणजे समजायचं गुडघा सुटलाय. हे कळल्यापासून माझ्या पुतण्यानं पण मागचा टायर काढला, अकरावीतलं पोरगं आहे, अंगात ताकद काहीच नाही.

जुना निघाला की रिम आतून पुसून घ्यायची, स्पोकच्या डोक्यांवरची रबरी पट्टी बघायची, सरकलेली किंवा तडकलेली असंल तर बदलायची, पंक्चरचं निम्मं कारण तीच असती. नवीन टायरबरोबर नवीन ट्यूब घाला, तिथं शे-दोनशे वाचवायचे नाहीत. टायरवर बाण असतोय, चाक पुढं फिरतंय त्या दिशेनं तो पाहिजे, अन चाक आडवं पडलेलं असताना हे डोक्यात उलटं होतंय, म्हणून डिस्क कुठल्या बाजूला ते आधी खडूनं लिहून ठेवायचं. टायरवर पिवळा ठिपका असला तर तो व्हॉल्व्हच्या जागी आणायचा, तो टायरचा हलका भाग असतोय.

ट्यूबला पावडर चोळायची, आकार येईल एवढीच हवा भरायची, आत बसवून व्हॉल्व्हला नट दोन आटे लावून सोडायचं. मग व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात करायची अन शेवट व्हॉल्व्हपाशी. उलट केलं तर व्हॉल्व्हजवळची ट्यूब कड खड्ड्यात उतरू देत नाही अन शेवटची वीत चढतच नाही. शेवटचा घास घ्यायच्या आधी व्हॉल्व्ह आत ढकलून बघायचा, मोकळा आत-बाहेर होतोय म्हणजे ट्यूब कडेखाली नाही. कडेला साबणाचं पाणी भरपूर, ऑइल, ग्रीस, डिझेल असलं काही लावायचं नाही, रबर खातंय ते.

मग हवा. ट्यूबवाल्याचा हा मोठा फायदा आहे की पायपंपानं पण कड बसती, कंप्रेसर लागत नाही. ट्यूबलेसवाल्यांनी, म्हणजे डॉमिनार, ड्यूक वगैरे, घरी करायच्या आधी कंप्रेसरची सोय बघावी, एकदम हवेचा झोत मिळाल्याशिवाय तो टायर रिमला धरत नाही अन त्याची कड पण जास्त घट्ट असती. माझा पुढचा लगेच बसला, मागच्याची एका बाजूची कड आत राहिली होती. हे कसं कळतंय तर टायरवर रिमच्या अगदी जवळ एक बारीक गोल रेघ असती, ती सगळीकडं रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका जागी ती रिमखाली गेलेली, म्हणून हवा सोडली, तिथं परत साबणाचं पाणी ओतलं, परत भरली, दोनदा फटफट आवाज आला अन रेघ सरळ. टायरवर लिहिलेल्या जास्तीत जास्त प्रेशरच्या वर जायचं नाही, कितीही आत राहिली तरी. व्हॉल्व्हचं नट रिमला घट्ट आवळायचं नाही, टोपणाकडं वर सरकवून ठेवायचं, म्हणजे टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरपा झालेला डोळ्यांनी दिसतोय, नाहीतर सरळ मुळापासून तुटतोय.

चाक बसवलं, अॅक्सलचा नट मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचनं आवळला, चेनच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या केल्या, अन बाइक हलवायच्या आधी ब्रेक दाबून दाबून कडक केला. हे शेवटचं विसरायचं नाही, पहिल्या वेळी पॅड लांब असतेत, ब्रेक लागतच नाही. बॅलन्सिंग मी अॅक्सलवर चाक मोकळं फिरवून केलं, जड बाजू खाली येऊन थांबती, समोरच्या बाजूला वजन चिकटवायचं. पुढच्याला थोडं लागलं, मागच्याला नावाला.

टायर कसा आहे? पहिले शंभर-दीडशे किलोमीटर निवांत चालवली, नवीन टायरचा वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत झुकवायचं नसतंय. त्याच्यानंतर जे वाटलं ते म्हणजे पुढचं टोक. मांजरसुंब्याच्या वळणांवर गाडी टाकली की टाकली, मधीच विचार बदलत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पावसात काँक्रीटच्या रस्त्यावर ब्रेक लावताना पोटात गोळा येत नाही. मुरमावर, खडीवर नीट चालतोय. काळ्या मातीत मात्र अपेक्षा ठेवायची नाही, अन ते मी कुठल्याच टायरकडून ठेवत नाही. आपली काळी माती भिजली की चाकाला थर चढत जातोय, नक्षी भरून जाती, मग टायर कुठलाही असो गुळगुळीतच होतोय. जूनमध्ये शेताकडं जायचं असंल तर गाडी डांबरावर लावायची अन चालत जायचं, त्यासाठी टायर बदलायची गरज नाही.

उन्हाळ्यातल्या हवेचं सांगायलाच पाहिजे. तापमान 10 अंश वाढलं की प्रेशर साधारण एक ते दीड पीएसआय वाढतंय. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात 43-44 अंशात दुपारी गाडी थांबवून गेज लावलं तर आकडा चढलेला दिसतोय, लोक म्हणतेत जास्त झाली अन काढून टाकतेत. काढायची नाही. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजायची, बाइकच्या स्टिकरवर दिलीय तेवढी ठेवायची, गरम टायरमधून काढली तर रात्री ती कमी पडती अन कमी हवेत टायर आणखी तापतोय.

पैसे किती, तर देशी जोडीच्या दुप्पट ते अडीचपट. रोज गावात फिरणारा, महिन्यातनं एकदा तुळजापूरला जाणारा असंल तर मी घ्या म्हणणार नाही, आपल्याकडचे टायर त्याला भरपूर झाले. हायवेला लांब जाणारा, पावसात पण जाणारा, त्याला पैसे वसूल आहेत. अन ज्याच्याकडं 21 इंची पुढचं चाक आहे त्यानं टायर कुठलाही टाको, पुढची एक ट्यूब सोबत ठेवावीच, लोहा असो की चाकूर, रस्त्यावरच्या पंक्चरच्या दुकानात 17 अन 18 ची मिळती, 21 ची मिळत नाही.

सरळ हायवेमुळं मागचा मधोमध चपटा व्हायला लागलाय, पुढचा अजून भरलेला आहे. टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय लिहिलेलं असतंय, म्हणजे झीज दाखवणारी खूण, त्या रेषेत खाचेच्या आत बारीक उंचवटे असतेत, त्यांच्या बरोबरीला रबर आलं की टायर संपला. नियमात दुचाकीला 0.8 मिलिमीटरपर्यंत चालतंय म्हणून सांगितलंय पण पावसाळ्याच्या तोंडावर मी तेवढी वाट बघणार नाही. या खेपेला फक्त मागचाच मागवणार आहे, त्याच विक्रेत्याला विचारलंय, त्यानं न मागता चार आकड्यांचा व्हिडिओ पाठवलाय.